सुगंधाबाईनं मशीन उघडली

बल्लारपुरात माझ्या वेल्डिंगच्या दुकानाला आणि सुगंधाबाईच्या शेडला मिळून एकच टिनाची भिंत आहे. त्यामुळे तिच्याकडची मशीन खोकली तरी मला कळतं, आणि गेली काही वर्षं ती फारच खोकायला लागली होती. टेबल सरकताना आधी कण्हायचं, मग अडायचं, मग एकदम झटका देऊन पुढे जायचं. त्या झटक्यापाठोपाठ भिंतीपलीकडून सुगंधाबाईचा आवाज यायचा, “चाल माय, चाल.” दिवसभर हे ऐकून माझंच डोकं उठायचं.

मशीन म्हणजे मिलिंगची मशीन. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर घट्ट आवळलेलं लोखंड त्याच्याखालून हळूहळू सरकतं. त्यातून गिअरचे दाते पडतात, शाफ्टला चावीचा गाळा, म्हणजे खाच, पडते. टेबल सरळ सरकलं तर दाता सरळ. टेबल अडखळलं तर दाता वाकडातिकडा आणि सगळी मेहनत भंगारात. मूल, सावली या गावांकडच्या राईस मिलवाल्यांचा गिअर मोडला की ते सुगंधाबाईकडे येत. म्हणजे पूर्वी येत.

ही मशीन बापूजीनं आणली. बापूजी हे त्याचं कागदावरचंही नाव, लाडाचं नव्हे. सुगंधाबाईचा नवरा आणि माझा दोस्त. नागपूरला कुठल्याशा बंद कारखान्याचं सामान लिलावात निघालं होतं, तिथून त्यानं हे धूड ट्रकवर घालून आणलं. अंगावर पितळी पाटी, तिच्यावर परक्या मुलखातली अक्षरं. सगळ्या गल्लीनं त्याला वेड्यात काढलं, आणि सगळ्यांत पुढे मी होतो. वर्षभरात त्याच्या दारात राईस मिलवाल्यांच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा मी गप बसलो.

सुगंधाबाई पोंभुर्ण्याकडच्या धानवाल्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला चिखलात धान रोवण्याशिवाय दुसरं काम माहीत नव्हतं. नवऱ्याचा डबा घेऊन यायची, आणि बापूजी तिला परत जाऊ द्यायचा नाही. “जरा ब्रश धर,” म्हणायचा. फिरत्या कटरवर ब्रशनं तेल सोडत राहायचं, एवढंच ते काम. ब्रशवरून ती हँडलवर आली, हँडलवरून दात्यांच्या मोजणीवर. पुढे पुढे बापूजी बाहेर पानठेल्यावर गप्पा मारत उभा आणि आत सुगंधाबाई गिअर कापते आहे, असं चालायचं. मी त्याला चिडवायचो, “बापू, तू आता डबा आनत जा.” तो हसायचा.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी त्याच्या छातीत दुखलं आणि तो गेला. तेरवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटरचा आवाज ऐकला. सुगंधाबाईनं शेड उघडली होती. मुलगा प्रफुल तेव्हा माजरीकडे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे नुकताच लागला होता. तो फटफटीवर पहाटे जायचा आणि काळाठिक्कर होऊन परत यायचा. मशीनचं काम त्याला कधी आवडलंच नाही. कुणी सुगंधाबाईला शेड उघड म्हटलं नाही, आणि उघडू नको असंही म्हटलं नाही. फक्त केसरबाई बोलली.

केसरबाई ही बापूजीच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे सुगंधाबाईची जाऊ. वाईट बाई नाही. घरात कुणी आजारी पडलं तर सगळ्यांत आधी डबा घेऊन तीच येते. पण तिच्या तोंडाला झाकण नाही. बापूजी गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला मशीनच्या पूजेचं ताट सुगंधाबाईनं सवयीनं हातात घेतलं, ते केसरबाईनं सगळ्यांदेखत काढून घेतलं आणि प्रफुलच्या नव्या नवरीच्या, करिष्माच्या, हातात दिलं. सुगंधाबाई मागे सरकून उभी राहिली. करिष्मा बिचारी ग्रीसला घाबरून लांबूनच त्या पितळी पाटीवर कुंकवाचं बोट टेकवून मोकळी झाली. तेव्हापासून दर दसऱ्याला तसंच.

त्यानंतर मशीन बिघडत गेली. एकदम नाही. आधी टेबल जड झालं, मग अडायला लागलं, मग झटके. आणि केसरबाईनं निदान करून टाकलं.

“मशीन म्हंजे लक्ष्मी असते. तिले सवाशिणीचा हात लागते. हिचा हात लागून राह्यला रोज, मंग कशी बरकत येईन?”

एकदा बोलली असती तर हवेत उडून गेलं असतं. पण ती हळदीकुंकवाला बोलली, बारशाला बोलली, नळावर बोलली. गल्लीनं ते उचललं. खरं सांगायचं तर मलाही राग यायचा तो केसरबाईचाच नाही, सुगंधाबाईचाही यायचा. तोंड नाही का हिला, असं वाटायचं.

या वर्षी भादव्यात मूलच्या एका मिलवाल्यानं गिअर परत आणून टाकला. दात्यांवर लाटा. तो भला माणूस होता, काही लागेल असं बोलला नाही, पण पुढचं काम चंद्रपूरला नेतो म्हणाला. त्या संध्याकाळी प्रफुल खाणीवरून घरी न जाता थेट शेडमध्ये आला. मी भिंतीपलीकडेच होतो, सगळं ऐकू येत होतं.

“आई, आता बस झालं. भंगारवाल्याशी बोललो मी. दसऱ्याच्या आधी येऊन घेऊन जाईन तो.”

“बरं.”

“बरं काय? पाह्य, पाय तुह्ये कसे सुजले. दिवसभर उभी राहून कोनासाठी करून राह्यली हे?”

“बरं म्हनलं ना बाबू. ने म्हना त्याले.” मग ती म्हणाली, “फक्त मले एकदा उघडून पाहू दे.”

“भंगारातच जाऊन राह्यली, उघडून काय करतं?”

“काऊन बिघडली ते तं कळन.”

प्रफुलला ते समजलं नाही. मला समजलं, कारण आदल्याच आठवड्यात चहा पिता पिता तिनं मला विचारलं होतं, “इसरूभाऊ, खरंच माह्या हातानं झालं असन का हे?” मी “वेडी का तू वहिनी” म्हणून उडवून लावलं. तिचं समाधान झालं नाही. होणारच नव्हतं. शंभर माणसांनी एक गोष्ट शंभरदा म्हटली की ज्याच्याबद्दल म्हटली त्यालाही रात्री झोप लागत नाही. मशीन गेली असती तर भंगारवाल्याच्या गाडीबरोबर तो डाग मात्र गेला नसता, तो तिच्याच अंगावर राहिला असता. म्हणून तिला उघडायची होती.

आम्ही उघडायला घेतली. माझी मदत फक्त चेनपुलीपुरती, बाकी तिचंच काम. आधी टेबलावरचा, लोखंड आवळायचा वाइस उतरवला. मग हँडल, मग टेबलाच्या टोकाचा ब्रॅकेट. बोल्ट गंजून बसलेले. तिनं ते रॉकेलमध्ये भिजवले, हातोडीनं टिचक्या मारल्या, पान्ह्यावर अख्खं अंग टाकलं, आणि एकेक मोकळा केला. काढलेला प्रत्येक बोल्ट ती पुसून एका जुन्या परातीत ठेवी, निघाला त्याच क्रमानं. मी म्हटलं, “भंगारात जाऊन राह्यली तरी लाइनशीर ठेवून राह्यली?”

“सवय हाय, भाऊ.”

टेबल मोकळं व्हायला दोन दिवस गेले. चेनपुलीनं ते उचललं, बाजूच्या लाकडी ओंडक्यांवर ठेवलं, आणि सुगंधाबाई पोतं अंथरून खाली बसली. समोर घमेल्यात डिझेल, हातात ब्रश आणि मोडक्या करवतीच्या पात्याचा तुकडा खरवडायला. इतक्या वर्षांचा मळ होता. लोखंडाचा बारीक बुरादा आणि ग्रीस मिळून त्याचा काळा थर बसला होता, पातं लावलं की त्याच्या वळ्या निघत. ती खरवडे, धुई, पुसे, परत खरवडे. मध्येच पाय लांब करून पोटऱ्या दाबून घेई. त्या दिवसांत दमट उकाडा असा की माझ्या दुकानात मी बनियनवर बसायचो. तिच्या साडीचा पदर डिझेलनं भिजून जड झाला होता.

“भाऊ, एक सांगू?” ती मान वर न करता म्हणाली. “मले वाट्टे, ही मेलेलीच निघावी.”

“का वो?”

“थकली मी. ही मेली तं मी सुटली. सकाळी उठून वाट्टे, आज शटर नाई उघडलं तं काय होते? पन उघडतेच.” मग हळूच म्हणाली, “फक्त माह्या हातानं मेली असं नाई निघालं पाह्यजे.”

मी चहा सांगितला.

टेबलाखाली जो लोखंडी भाग असतो, ज्यावर टेबल घसरतं, तो तिनं धुऊन कोरडा केला आणि त्यावरून हात फिरवला. परत फिरवला. मग मला बोलावलं. “इथी हात लावून पाहा.”

मी लावला. ओरखडे होते, पण खोल नव्हते. अशा मशिनी मी पाहिल्या आहेत, त्यांची झीज नखाला लागते. ही झिजलेली नव्हती.

“हे तं ठीक हाय,” मी म्हटलं.

“ठीक नाई. कोरडं हाय. धुवायच्या आधी पाह्यलं मी, वरती एवढा चिखल, अन् जिथी टेबल टेकते तिथी तेलाचा थेंब नाई. मी तं रोज सकाळी तेल टाकते.”

ते खरं होतं. शटर उघडल्यावर तिचं पहिलं काम तेच. मशीनच्या अंगावर तेलाची पाच भोकं आहेत, त्यांतून तेल आत उतरून टेबलाखाली पोचायचं. त्यांच्यावर पूर्वी पितळी टोपणं होती, ती बापूजीच्या काळातच तुटून पडली. सुगंधाबाई तेलाच्या डब्याचं नळकं एकेका भोकात घालायची, भोक काठोकाठ भरलं की “भरलं पोट” म्हणायची आणि सांडलेलं चिंधीनं टिपून घ्यायची. तिनं आता एका भोकात तेल टाकलं. तेल वर आलं आणि तसंच उभं राहिलं. आम्ही दोघं बघत बसलो. ते तिथेच होतं.

तिनं माझ्याकडून सायकलचा आरा मागून घेतला आणि भोकात घातला. थोडा आत गेला आणि थांबला. खाली काहीतरी टणक होतं.

“गंज असन,” मी म्हटलं.

पाचही भोकांत डिझेल भरून आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं आरा घालून फिरवला, थोडा दाबला, परत फिरवला. टोकाला चिखल आला. गंज असतो तसा तांबूस, पण जास्तच लाल. तिनं तो डिझेलच्या घमेल्यात झटकला आणि डिझेलमध्ये लाल धार उतरली. मग आऱ्याबरोबर एक बारीक काळं काहीतरी निघालं. तिनं ते बोटांत चोळलं. तांदळाचा दाणा होता.

“उंदरानं नेला असन,” मी म्हटलं.

दुसरा दाणा निघाला, तिसरा निघाला. तिनं ते तळहातावर ठेवले आणि उजेडाला नेऊन पाहत राहिली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि मला अजून काही कळलेलं नव्हतं.

“उंदीर नाई, भाऊ,” ती म्हणाली. “मीच नेला.”

मग मलाही आठवलं. दसऱ्याला बापूजी मशीन धुऊन पुसून झेंडूचा हार घालायचा आणि सुगंधाबाईला पुढे करायचा. ती नवं लुगडं नेसून, ताट घेऊन. हा मागून सांगायचा, “इथी लाव. आता इथी. पाचही ठिकानी लाव.” ती तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घ्यायची आणि त्या पाच भोकांवरच दाबायची, कारण साऱ्या काळ्या अंगावर तेवढीच गोल, कपाळासारखी ठिकाणं. कुंकवावर अक्षता दाबायची, चिकटून बसाव्या म्हणून. दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना बापूजी तेलाच्या डब्याच्या नळक्यानं ते सगळं भोकांत आत ढकलून वरून पुसून टाकायचा. वर्षानुवर्षं.

“पन मंग त्याच्या राज्यात कशी चाले?” मी विचारलं.

यावर ती पहिल्यांदा हसली. “त्याईले धीर कुठी होता? भोकात तेल टाकत बसनं त्याईले जमे का? टेबल एका बाजूले सरकवत, अन् डबा उलटा करून तेल वरूनच ओतत. खाली सारा चिखल. मी किती ओरडत होती. म्हनो, जरा भोकात टाकत जा, नीट.” तिनं हातातला आरा खाली ठेवला. “ते गेल्यावर मी नीट टाकाले लागली.”

हसता हसता तिचे डोळे भरले आणि मग ती चक्क रडली. मी वेल्डर माणूस, मला अशा वेळी कुठे पाहावं कळत नाही. मी चेनपुलीकडे पाहिलं.

“किती जोरानं दाबत होती मी, भाऊ,” ती म्हणाली. “वाटे, जोरानं दाबलं तं याईचं आयुष्य वाढन.”

घमेल्यातलं डिझेल लाल झालं होतं. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. इतक्या वर्षांनी तिच्या हाताला कुंकू लागलं होतं, आणि तिनं ते लगेच पुसलं नाही. बसून राहिली. मग उरलेली भोकं साफ करायला घेतली.

मशीन परत जोडायला उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. परातीतले बोल्ट उलट क्रमानं आपापल्या जागी गेले. मी तांब्याच्या नळीचे तुकडे कापून पाच टोपणं बनवली, बिजागरीची, टिचकी मारली की उघडणारी. शेवटी तिनं भोकांत तेल टाकलं. तेल खाली उतरलं. परत टाकलं, परत उतरलं. मग तिनं हँडलला दोन बोटं लावली आणि टेबल आवाज न करता सरकलं.

“घ्या,” ती म्हणाली. “मेली नाई ही.” तिच्या आवाजात आनंद होता की कंटाळा, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

प्रफुलनं येऊन हँडल फिरवलं, मूलच्या मिलवाल्यासाठी तिनं नव्यानं कापलेला गिअर हातात घेऊन दाते पाहिले आणि भंगारवाल्याला फोन करून नको म्हटलं. आईच्या पायांकडे पाहून तो काहीतरी पुटपुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनपाशी ठेवायला एक उंच स्टूल आणून दिलं. त्यावर तिनं आठवडाभर चिंध्या ठेवल्या. कुंकवाचं तिनं कुणालाच सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. माझं पोट फुगून आलं होतं. नळावर जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

दसरा उजाडला. शेड झाडून झाली, हार चढला, करिष्मा ताट घेऊन आली. तिच्यापाठोपाठ केसरबाई आली, जरीचं लुगडं नेसून. मशीन सुधारल्याचं तिच्या कानावर गेलं होतं.

“मी देवीले बोलली होती,” तिनं आल्या आल्या जाहीर केलं. “म्हनून सुधरली. यंदा मीच लावते कुंकू. पोरीले समजत नाई, ते पाटीले बोट लावून मोकळी होते. बापूजी पाचही ठिकानी लावाले सांगे.” तिनं कुंकू अंगठ्यावर घेतलं, पहिलं टोपण उघडलं आणि हात पुढे केला.

सुगंधाबाईनं तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं जावेचा हात कधी धरला नव्हता.

“तिथी नाई, बाई.”

“काऊन? तुह्या हातानं बिघडली, आता माह्या हातानं तं—”

“हो,” सुगंधाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “माह्याच हातानं बिघडली होती. तुमी बोलत होत्या ते खरंच होतं. फक्त वर्ष चुकलं तुमचं.”

तिनं फळीवरून एक वाटी काढली. त्यात भोकांतून निघालेला कुंकवाचा लाल गोळा आणि काळे पडलेले तांदळाचे दाणे होते. तिनं ते फेकले नव्हते, हे मलाही तेव्हाच कळलं. “हे पाहा. तेलाच्या रस्त्यात अडकलं होतं. हे मी सवाशीण असतानाचं हाय. ते गेल्यावर मी तिले कुंकू लावलंच नाई ना.”

केसरबाई वाटीत पाहत राहिली. मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. उघडलेलं टोपण तिनंच दुसऱ्या हातानं हळूच लावलं. करिष्मानं ताट खाली ठेवलं आणि सासूच्या जवळ जाऊन उभी राहिली.

“मंग कुठी लावू?” शेवटी केसरबाईनं विचारलं. “तूच सांग.”

“पाटीले लावा. पोरगी बरोबर लावत होती.”

केसरबाईनं पाटीला कुंकू लावलं. सुगंधाबाईनं तेलाचा डबा घेतला आणि पाचही भोकांत एकेक करून तेल सोडलं. प्रत्येक भोकाशी तेल खाली जाईपर्यंत ती थांबली, आणि तिच्याबरोबर आम्हीही सगळे थांबलो. शेवटचं भोक रिकामं दिसलं तेव्हा तिनं टोपण लावलं.

“पिली,” ती म्हणाली. दसऱ्याला मशीन चालवत नाहीत. तिनं प्रफुलनं आणलेल्या स्टुलावरच्या चिंध्या बाजूला केल्या आणि बसली. बापूजी गेल्यापासून त्या मशीनपाशी हातात काही काम नसताना बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.